बिजागरीच्या बाजूला

आमच्या शेल्टरमधल्या मुलांनी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या देखभालीवर ही पुस्तिका लिहून पुरी केली, तेव्हा प्रस्तावना कुणाकडून घ्यायची यावर फार खल झाला नाही. "काकू, तुम्हीच लिहा, विषय वयाचा आहे," असं एक जण बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. मला राग आला नाही. मी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय आणि दुसऱ्याचा पिकायची वाट बघतेय. या पुस्तिकेतल्या निम्म्या प्रकरणांचं मी चालतंबोलतं उदाहरण आहे.

मी डॉक्टर नाही, आणि प्राणिमित्र म्हणवून घ्यावं एवढं माझं कामही नाही. उमेद टेलिफोन खात्याच्या हिशेब शाखेत गेली. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस पुण्याबाहेरच्या या शेल्टरच्या वह्या लिहायला येते. कोणतं कुत्रं कधी आलं, कुठून आलं, त्याच्यावर काय खर्च झाला, कधी गेलं. शेवटच्या रकान्यात 'घरी' किंवा 'वर' एवढंच लिहायचं असतं. त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबाच्या अंगाने बघते. दया पुष्कळांना येते, पण दयेची जमाखर्चाची वही कुणी ठेवत नाही, म्हणून ती वायाही पुष्कळ जाते.

माझ्या वहीत अण्णाची नोंद दिवाळीआधीच्या एका सोमवारची आहे. सकाळी सातला मामा फाटक उघडायला गेले (पिंजरे धुणारे आमच्या सगळ्यांचे मामा), तर फाटकाच्या गजाला एक लॅब्रॅडॉर बांधलेला. गळ्यात चांगला चामडी पट्टा. शेजारी कापडी पिशवी, तिच्यात स्टीलचं भांडं, हातशिलाईची गोधडी, सांध्यांच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि लसीकरणाची फाइल. फाइल अगदी टापटीप. दर वर्षीचा शिक्का, दर वर्षीचं वजन, कुठे खाडाखोड नाही. मालकाचं नाव-पत्ता असतो ते पहिलं पान तेवढं फाडलेलं. वय अकरा वर्षं चार महिने.

तो भुंकला नाही. दोरी सोडली तरी रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला. उठवायला गेलो तेव्हा कळलं, की मागच्या पायांवर त्याला उठताच येत नाही. मामांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं वर धरली आणि मागचं धूड उचललं. पुढचे पाय त्याचे तो चालला. तो पंचा पुढे सात महिने अण्णाचं वाहन होता. त्याची आकृती या पुस्तिकेत दिली आहे, आणि कुणी दुसरं काही वाचणार नसेल तर निदान ती बघून घ्यावी. पंचा बरगड्यांखाली नाही, मांड्यांच्या अगदी पुढे यायला हवा, नाहीतर पोट आवळतं आणि कुत्रं जागच्या जागी मुततं. नराचं तर हमखास.

कुत्रं असं सोडून जाणाऱ्यांविषयी कडवट लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जमेल तेवढं जमवते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमारीने हाल होतील अशा रीतीने प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये वाचवायला कुणी फाइलचं पान फाडत नाही. ते लाजेपोटी फाडलेलं असतं. आणि ज्याला लाज वाटते, जो पिशवीत गोधडी घालून देतो, त्याला कुत्रं नकोसं झालं होतं असं मला आता वाटत नाही. त्याला पुढचं बिल नकोसं झालं होतं. नाहीतर ते मरण डोळ्यांनी बघायला नको होतं.

गेली काही वर्षं वह्या लिहून माझं मत बनलं आहे ते एवढंच: म्हाताऱ्या कुत्र्याला कुणी घाबरत नाही, लोक त्याच्या बिलाला घाबरतात. घरातून काढणारा त्याच भीतीने काढतो, आणि शेल्टरमधून घरी न्यायला आलेला त्याच भीतीने पिल्लाच्या पिंजऱ्याकडे वळतो. ती भीती मधल्यामध्ये कुणी उचलली, तर दोन्ही बाजूंची दारं किलकिली होतात. पुस्तिकेत जे जे सांगितलं आहे, त्याच्या मुळाशी हीच खटपट आहे.

आता पिंजऱ्याचा हिशेब. पिल्लाची नोंद माझ्या वहीत एका पानावर संपते. आलं, जंत पाडले, लशी दिल्या, फोटो काढला, अडॉप्शनच्या रविवारी कुणाच्या तरी ओढणीत गुंडाळून गेलं. म्हाताऱ्या कुत्र्याला चार-चार पानं लागतात. दात किडलेले, कानात जुना मळ, पायात संधिवात, रक्तात गोचीडतापाचा जुना संसर्ग, किडनीचे आकडे काठावर. यातल्या एकानेही ते लगेच मरणार नसतं आणि सगळ्यांमुळे मिळून त्याला कुणी घरी नेणार नसतं. म्हणजे तो पिंजरा अडकला. फाटकावर रोज नवं कुत्रं येतंच. अपघातातलं, अळ्या पडलेल्या जखमेचं, डिस्टेंपरचं. सगळ्यात आधी त्यांच्याकडे धावावं लागतं, आणि म्हातारं आपलं कोपऱ्यात 'ठीक आहे' म्हणून पडून राहतं.

अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये जागा कमी पडली की निरोगी कुत्र्यांनाही इंजेक्शन देण्याची रीत वर्षानुवर्षं होती, आणि त्यात पहिला नंबर अर्थातच म्हाताऱ्यांचा लागायचा. आपल्याकडे तसं करत नाहीत. दयामरण द्यायचं ते असाध्य आजारी किंवा जबर जखमी कुत्र्याला, आणि तेही पशुवैद्याच्या हातून, असा नियम आहे. याचा आपल्याला फार अभिमान असतो. मलाही होता. पण सिमेंटच्या ओल्या फरशीवर, चाळीस कुत्र्यांच्या भुंकण्यात, सांधे धरलेलं कुत्रं दोन-तीन वर्षं बघितलं की तो अभिमान उतरतो. आपण मारत नाही, ठेवून देतो.

ठेवून द्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि तिची सुरुवात मात्र शरमेची नव्हती. जून 1832 मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगा झाला. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता, कुत्र्यामागे बक्षीस लावलं होतं आणि त्या पैशासाठी शिपाई घरांच्या आवारातली कुत्रीसुद्धा ओढून नेत होते. आधी पारशी उठले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. मग जैन, हिंदू, मुसलमान दुकानदारही उतरले. बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद तुटली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. आज तिथे मुख्यतः गायी दिसतात, पण तिच्या जन्माला कुत्री कारण झाली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे त्याच शतकात, 1880 च्या दशकात, परळला दिनशॉ माणेकजी पेटिटांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय निघालं. ते अजून चालू आहे. म्हणजे दीड-दोनशे वर्षं या मुलखात जनावरांसाठी पैसा निघतो आहे. फक्त आपल्या भाषेत 'पांजरपोळ' हा शब्द हळूहळू कामातून गेलेल्यांना टाकायच्या जागेचा झाला. माझ्या ऑफिसात निवृत्तीला आलेल्या माणसांच्या विभागाला सगळे पांजरपोळच म्हणत. शेवटची तीन वर्षं मी त्याच विभागात होते.

म्हातारं कुत्रं कुणाच्या डोळ्यांसमोरच येत नाही, हेही एक आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. चारही तरणीताठी, शेपट्या वर. रस्त्यावरचं कुत्रं तर म्हातारं होण्याइतकं सहसा जगतच नाही. घरात बारा-चौदा वर्षं सहज काढणारी आपली गावठी जात रस्त्यावर गाडीखाली, आजाराने किंवा मारामारीत त्याच्या कितीतरी आधी संपते. जी जगतात ती कुणाच्या तरी आधाराने, म्हणजे रिक्षास्टँडवाल्यांच्या, चहाच्या टपरीच्या, एसटी स्टँडवरच्या हमालांच्या. अशा म्हाताऱ्यांचं पुढे काय, हा प्रश्न आता दाराशी आला आहे. कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम, आधी 2001 चे आणि नंतर 2023 चे, सांगत आले की नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. त्या आदेशाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. मी माझ्या वहीपुरतं बोलते. दहा वर्षं स्टँडवर काढलेलं, दोन्ही कान नीट न ऐकणारं, सगळ्यांच्या ओळखीचं कुत्रं पिंजऱ्यात आलं की त्याला घर मिळणं पिल्लाच्या मानाने शंभर पटीने अवघड असतं, आणि पिंजऱ्यांची संख्या आदेशाने वाढत नाही.

तर मदत करायची म्हणजे काय करायचं?

दातांपासून सुरुवात करते. ठकी नावाची एक कुत्री आमच्याकडे आली ती 'चावरी' असा शेरा घेऊन. उजव्या डोळ्याखाली गाठ, तिच्यातून अधूनमधून पू. आधी कुठेतरी दोन महिने डोळ्यात थेंब घालणं चाललं होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी डोळ्याकडे बघितलंही नाही. ओठ वर केला आणि मला बोलावलं. वरची मोठी दाढ उभी चिरलेली. या दाढेची मुळं डोळ्याच्या अगदी खालपर्यंत जातात, तिथे पू झाला की तो गालातून, डोळ्याखालून वाट काढतो. भूल देऊन दाढ काढली, सोबत आणखी चार. पाचव्या दिवशी ठकीने मामांच्या हाताला तोंड लावून भात खाल्ला. त्यानंतर ती कुणालाही चावली नाही. चावरी नव्हतीच, तिची दाढ दुखत होती.

इथे एक अडथळा नेहमी येतो. "वय झालंय हो, भूल सोसणार नाही." भल्या माणसांचं हे पेटंट वाक्य आहे. वय हा आजार नाही. भूल सोसेल की नाही हे रक्त, किडनी, लिव्हर आणि हृदय बघून ठरतं. म्हणून रक्ततपासणीचा खर्च आधी, दातांचा नंतर, आणि तपासणीत आकडे चांगले निघाले तर चौदा वर्षांचं कुत्रंही भुलेतून सुखरूप बाहेर येतं. देणगीदारांना माझं सांगणं असतं की एका म्हाताऱ्या कुत्र्याची रक्ततपासणी आणि दात, एवढा खर्च उचला. कुत्र्याचं रूप बदलतं, तोंडाचा वास जातो, खाणं सुधारतं, आणि मुख्य म्हणजे बघायला आलेल्या माणसाच्या हातात कागद ठेवता येतो: हे झालंय, हे व्हायचंय, एवढा खर्च येतो. भीती अशी कागदावर उतरवली की आटोपशीर होते.

दुखण्याचंही तसंच. सांधे दुखणारं कुत्रं रडत नाही. ते फक्त पायरी टाळतं, मनगट चाटत राहतं, शेकोटीजवळ जागा धरतं, आणि आपण म्हणतो शांत झालाय, वयाने शहाणा झालाय. कित्येक 'शांत' कुत्री आठ-दहा दिवस योग्य वेदनाशामक दिल्यावर पुन्हा चेंडू आणायला लागलेली मी बघितली आहेत. योग्य, म्हणजे पशुवैद्याने दिलेलं. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नाही. ती माणसाला चालतात, कुत्र्याच्या पोटात व्रण आणि किडनीचं नुकसान करतात. डायक्लोफेनॅकने तर आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपवली. औषध दिलेल्या गुरांची मेलेली शरीरं खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडत होत्या, म्हणून 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. एवढं होऊनही "अर्धी गोळी दिली, काय होतंय" म्हणणारे भेटतातच.

वस्तूंबद्दल थोडक्यात. वाढदिवसाला मुलांना घेऊन लोक येतात आणि ग्लुकोज बिस्किटांचे खोके देतात. मुलांचे हात लागतात, फोटो चांगले येतात. पण मधुमेही, बिनदाताच्या, किडनीच्या कुत्र्यांना त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा रद्दी द्या. रद्दीवाल्याकडून किलोमागे काय मिळतं ते मला माहीत आहे, तेवढं सोडून द्या. जुन्या चादरी, जाड सतरंज्या, मोठ्या माणसांचे डायपर, दवाखान्यात अंथरतात ते निळे अंडरपॅड. घरातलं आजारी माणूस गेल्यावर हे सामान माळ्यावर पडून असतं आणि टाकवत नाही. आमच्याकडे ते आठवड्यात संपतं. आणि रबरी चटया. जिमवाले जुन्या झाल्या की फेकून देतात त्या. म्हाताऱ्या कुत्र्याचा निम्मा आत्मविश्वास पायाखालच्या फरशीत असतो. गुळगुळीत लादीवर एकदा पाय फाकले की ते उठायचंच सोडतं, उठायचं सोडलं की नखं झिजत नाहीत, वाढून तळव्यात रुततात, मग चालायचं म्हटलं तरी चालता येत नाही, पडून पडून कोपरांना घट्टे पडतात आणि तिथेच जखमा होतात. हे सगळं एका चटईने थांबतं.

नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवल्याची आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावल्याची गोष्ट आमच्या दर स्नेहसंमेलनात कुणीतरी सांगतंच. मला ती ऐकताना हल्ली वेगळंच सुचतं. म्हाताऱ्या कुत्र्याला कोरडी भाकरी खरंच चावत नाही. ती मऊ करून द्यावी लागते. पण तूप नको. डॉक्टर मॅडमनी तुपाला सक्त मनाई केली आहे, स्वादुपिंडाला सूज येते म्हणून. आमच्याकडे भाकरी ताकात किंवा चिकनच्या बिनमिठाच्या पाण्यात भिजवतात, कांदा-लसूण अजिबात नाही, आणि ताटली विटेवर ठेवतात, म्हणजे मान वाकवावी लागत नाही.

पण चटई, दात, गोळ्या हे सगळं झालं तरी शेल्टर हे शेल्टरच राहतं. म्हाताऱ्या कुत्र्याची खरी गरज ही की त्याने तिथे राहू नये. याचा विचार बाहेर काही लोकांनी आपल्या आधी केला. माझी भाची सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, तिच्याकडून मला पहिल्यांदा कळलं. तिथे शेरी फ्रँकलिन नावाच्या बाईंनी 2007 मध्ये मटव्हिल नावाची संस्था काढली, ती सात वर्षांवरचीच कुत्री घेते. घ्यायला येणारा माणूस 62 वर्षांचा किंवा मोठा असेल तर दत्तक शुल्क माफ. टेनेसी राज्यात माउंट ज्युलिएट गावी 2012 पासून ओल्ड फ्रेंड्स नावाचा म्हाताऱ्या कुत्र्यांचा आश्रम आहे. त्यांनी आणखी एक युक्ती केली: कुत्रं कुटुंबात कायमचं राहायला जातं, पण कागदोपत्री संस्थेचंच असतं आणि डॉक्टरचा खर्च संस्था करते. आणि तिसरी मला सगळ्यात शहाणी वाटते ती ग्रे मझल, 2008 ची. 'ग्रे मझल' म्हणजे पांढरं झालेलं तोंड. ही संस्था स्वतः एकही पिंजरा चालवत नाही. इतरांच्या शेल्टरांना आणि रेस्क्यूवाल्यांना ती म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी म्हणून अनुदान देते. कुणाला दातांसाठी, कुणाला तपासण्यांसाठी, कुणाला शेवटच्या दिवसांच्या फॉस्टर घरांसाठी. नवीन इमारत नाही, नवीन पाटी नाही. आपल्याकडे प्राण्यांसाठी काही करायचं म्हटलं की लोक आधी जागा बघायला लागतात. तेव्हा हे मुद्दाम सांगितलं.

ओल्ड फ्रेंड्सच्या पद्धतीला आमच्या मुलांनी इंग्रजीतून लांबलचक नाव काढलं होतं. मी तिला माहेर-पद्धत म्हणते, आणि पुस्तिकेत तेच नाव ठेवलंय याचा मला आनंद आहे. कुत्रं सासरी जातं, औषधपाणी माहेरचं. महिन्याच्या गोळ्या शेल्टरमधून जातात, तपासणीला शेल्टरचे डॉक्टर, आणि घरातल्यांना काही झालं, बदली झाली, दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर माहेरचं दार उघडं. हा खर्च शेल्टरला परवडतो का? हिशेबनीस म्हणून सांगते, परवडतो. पिंजऱ्यात ठेवलं तरी गोळ्या आम्हीच आणणार होतो. घरी गेलं तर जेवण, धुणं, माणसाचा वेळ वाचतो, आणि पिंजरा मोकळा होतो, जो आमच्याकडचा सगळ्यात महाग जिन्नस आहे.

या पद्धतीला सगळ्यात आधी पुढे आले ते माझ्या वयाचे लोक. मुलं अमेरिकेत, नाहीतर बंगळूरला. तीन खोल्यांत दोन माणसं, किंवा एकच. त्यांना कुत्रं हवं असतं, आयुष्यभर होतंच घरात, पण पुढचं वाक्य ठरलेलं: "आमच्यामागे त्याचं काय?" पिल्लू आणलं तर हा प्रश्न खराच आहे, ते पंधरा वर्षं जगेल. बारा वर्षांच्या कुत्र्याबाबत हिशेब बराच जुळतो. हे मी तोंडावर बोलून दाखवते आणि लोक हसतात, चक्क मोकळे होऊन हसतात. अडचणी वेगळ्याच निघतात. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. बाथरूममध्ये घसरायची भीती. कुत्र्याला आणि मालकालाही. सकाळी आठच्या गोळ्या कुणाच्या आणि कुत्र्याच्या कोणत्या यातला गोंधळ. त्यावर पुस्तिकेत दोन रंगांच्या डब्यांचा उपाय आहे, तो माझा आहे, आणि मी त्याचं श्रेय सोडणार नाही.

दुःखाचं मात्र काही करता येत नाही. बिल उचलता येतं, ते उचलता येत नाही. सहा महिन्यांत, वर्षात, क्वचित सहा आठवड्यांत ते कुत्रं जातं आणि फोन येतो. शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय कधी घ्यायचा यावर डॉक्टर मॅडमनी स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि मला ते या पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं वाटतं, कारण त्यात कुठेही धीर दिलेला नाही. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली करा, फुल्या जास्त झाल्या की फोन करा, एवढंच. अण्णाच्या कॅलेंडरवर शेवटच्या पंधरवड्यात अकरा फुल्या होत्या. तो शेल्टरमधूनच गेला, गोधडीवर. त्याला आम्हाला घर मिळवून देता आलं नाही. तेव्हा आमची माहेर-पद्धत सुरू झाली नव्हती.

बंड्याला मिळालं. बंड्या म्हणजे रिक्षास्टँडवरून आलेला तेरा-चौदा वर्षांचा पिवळा गावठी. म्हातारपणी माणसांसारखंच कुत्र्यांचंही मेंदूचं यंत्र बिघडतं. रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहणं, ओळखीच्या खोलीत वाट चुकणं. बंड्याला दाराची बाजू कळेनाशी झाली होती. बाहेर जायचं असलं की तो दाराशी जायचा, पण दार उघडतं त्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. तिथे भिंतीला नाक लावून मिनिटंच्या मिनिटं उभा राहायचा, अगदी सभ्यपणे, दार उघडायची वाट बघत. दार उघडलेलं असायचं, त्याच्या शेपटीमागे.

त्याला नेलं आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त, एकट्या राहतात. दोन आठवडे त्यांनी त्याला पट्ट्याला धरून वळवून बाहेर काढलं. मग एक दिवस सुताराला बोलावलं आणि दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावून घेतल्या. चौकट तासावी लागली, कडी नवीन आणली. मी म्हटलं, मावशी, हा खर्च माहेरच्या खात्यात लिहू का? त्या म्हणाल्या, नको, दार माझं आहे. दोन दिवस बंड्या बरोबर बाजूला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बिजागरीच्या बाजूला गेला, म्हणजे नव्या बिजागरीच्या. मावशी हसून हसून खाली बसल्या.

बंड्या पुढे पाच महिने होता. दार अजून तसंच उलटं उघडतं. मी चहाला जाते तेव्हा निघताना माझाही हात आधी चुकीच्या बाजूला जातो, आणि मावशी आतून ओरडतात, "अहो, तिकडून नाही!"